बद्ध जीभ आणि शस्त्र : एका लहान शस्त्रक्रियेच्या निर्णयाचा इतिहास

प्रस्तावना

जिभेच्या खालच्या बाजूस मध्यभागी एक पातळ पडदा असतो व तो जिभेला तोंडाच्या तळाशी जोडतो. या पडद्यास येथे 'जिव्हाबंध' म्हटले आहे. हा पडदा आखूड, जाड किंवा थेट जिभेच्या टोकापर्यंत आलेला असेल, तर जीभ वर उचलता येत नाही, दातांपुढे काढता येत नाही आणि काढू गेल्यास टोकाशी खाच पडून ती पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. या जन्मजात अवस्थेसाठी 'बद्ध जीभ' अशी संज्ञा वापरली आहे. दवाखान्यात तिला 'टंग-टाय' या इंग्रजी नावानेच ओळखले जाते. वरचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्येही असाच एक पडदा असतो. तो ओष्ठबंध होय.

लॅटिन भाषेत या पडद्याचे नाव 'फ्रेनुलम' म्हणजे छोटा लगाम असे आहे. मराठीतही जिभेला लगाम घालण्याची भाषा आहेच. मात्र आपल्याकडे हा लगाम सद्गुण मानला गेला आणि जीभ सैल सुटणे हा दोष. वैद्यकाच्या इतिहासात याच्या नेमके उलट घडले. लगाम दिसला की तो तोडावा, अशी ओढ तेथे दोन हजार वर्षांपासून दिसते.

नवजात बालकाचा जिव्हाबंध छेदणे ही काही सेकंदांची क्रिया आहे. जीभ वर धरायची, पडदा ताणायचा, कात्रीने छेद द्यायचा आणि बालकाला लगेच मातेच्या स्तनाशी द्यायचे. शल्यकर्माच्या तंत्रात एवढा कमी बदल झालेली दुसरी क्रिया सहजी सापडणार नाही. बदलत गेले ते कारण. एका युगाने वाणीसाठी जीभ सोडवली, दुसऱ्याने तिला हात लावू नये असे सांगितले, तर तिसऱ्याने स्तनपानासाठी पुन्हा कात्री हाती घेतली. म्हणून येथे शस्त्रक्रियेच्या इतिहासापेक्षा 'छेद द्यावा की न द्यावा' या निर्णयाच्या इतिहासाचा विचार केला आहे. प्रत्येक काळाने जिभेकडून जे मागितले, त्यानुसार जीभ 'बद्ध' ठरत गेली, असे या इतिहासावरून दिसते.

वाणीचा अडसर

अॅरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांविषयीच्या ग्रंथात, मानवाची जीभ मोकळी व मऊ असल्यामुळे त्याला बोलता येते आणि जिची जीभ पुरेशी सुटलेली नसते ती व्यक्ती बोबडे बोलते, अशा आशयाचे विवेचन केले आहे. ग्रीकांच्या या विचारात जीभ म्हणजे वाणीचे इंद्रिय होते. दूध ओढणाऱ्या अर्भकाची जीभ त्यात कोठेच नव्हती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने एका मनुष्याला बरे केल्याची कथा आहे. त्यात जिभेचा बंध सुटल्याचा उल्लेख येतो. ही कथा पुढे युरोपातील वैद्यांच्या मनात घर करून राहिली. मात्र तो मनुष्य बहिराही होता, हा तपशील वाचकांच्या ध्यानातून निसटत गेला. जे मूल ऐकत नाही ते बोलत नाही. पण कान आतून दिसत नाही आणि जिभेखालचा पडदा मात्र तोंड उघडताच दिसतो. दिसणाऱ्या गोष्टीवर दोष येणे हे वैद्यकात नवीन नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने 'दे मेदिसिना' हा आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. जिभेचे टोक चिमट्याने धरावे, खालचा पडदा छेदावा आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना इजा होणार नाही याची फार काळजी घ्यावी, असे तो सांगतो. येथपर्यंत त्याचे लेखन कोणत्याही शल्यग्रंथासारखे आहे. पुढे मात्र त्याने एक नोंद केली आहे, तिला या विषयाच्या इतिहासात अनन्य स्थान द्यावे लागेल. जखम भरल्यावर बहुतेक जण बोलू लागतात. परंतु जीभ सोडवल्यानंतर ती दातांच्या बरीच पुढे काढता येऊ लागली तरीही बोलता न आलेला एक मनुष्य आपण पाहिला आहे, असे तो लिहितो. काय करावे हे वैद्यकात ठरलेले असले तरी त्यातून काय निष्पन्न व्हावे हे ठरलेले नसते, असा त्याच्या पुढील विवेचनाचा भावार्थ आहे. जिभेची हालचाल सुधारणे आणि जिभेचे कार्य सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका अयशस्वी रुग्णावरून ओळखणारा आणि ते अपयश लपवून न ठेवणारा हा पहिलाच ग्रंथकार म्हणता येईल. त्यानंतरच्या कित्येक लेखकांनी सेल्ससकडून कृती उचलली आणि ही नोंद सोडून दिली.

सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना याने जन्मजात बंध आणि जिभेखालच्या व्रणाच्या कठीण वणामुळे आलेला बंध असा भेद केला. कॉर्डोव्हाचा अल्-जहरावी (मृत्यू सुमारे इ.स. १०१३) याच्या 'अत्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथातील शल्यविषयक भागात हाच भेद येतो. छेद खोल जाऊन धमनी तुटल्यास रक्तस्राव होईल, अशी त्याची ताकीद आहे. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने या शल्यभागाचे लॅटिन भाषांतर केले व त्यातून ही परंपरा युरोपात परतली.

भारतीय परंपरेतील चित्र याहून वेगळे आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले आहेत. त्यांपैकी जिव्हारोग पाच : वात, पित्त व कफ यांमुळे होणारे तीन कंटक, अलास आणि उपजिव्हिका. अलास हा जिभेखाली येणारा गाढ शोथ असून तो वाढल्यास जीभ स्तंभित होते. परंतु ही सूज आहे, जन्मजात पडदा नव्हे. छेद्य-भेद्य कर्मांत निष्णात असलेल्या या संहितेने जन्मजात जिव्हाबंधास या पाचांत स्वतंत्र रोगाचे स्थान दिलेले नाही. महाराष्ट्रात बोलायला उशीर करणाऱ्या मुलाची चिंता वेगळ्याच वाटेने गेली. बाळगुटीत वेखंड उगाळून चाटवले की वाचा स्पष्ट होते, अशी समजूत घराघरांत होती. वेखंडाने वाचा किती सुधारत असेल हा भाग निराळा. पण ज्या मुलाला 'बोबडकांदा' म्हणून कौतुकाने हाक मारली जाई, त्याचे बोबडेपण वयाबरोबर जाईल हा विश्वास त्या उपचारामागे होता, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो खराही ठरत असे.

नख आणि कात्री

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत या छेदावर दोन व्यवसायांनी हक्क सांगितला. सुईणी नवजात बालकाचा जिव्हाबंध नखाने तोडत, आणि त्यासाठी एका बोटाचे नख वाढवून धारदार ठेवत, असे उल्लेख त्या काळच्या वैद्यकीय लेखनात वारंवार येतात. हे उल्लेख बहुतांशी सुईणींच्या प्रतिस्पर्ध्यांनी, म्हणजे पुरुष शल्यवैद्यांनी केले आहेत, हे विसरून चालणार नाही. फ्रान्सचा प्रसिद्ध प्रसूतितज्ज्ञ फ्रांस्वा मोरिसो याने १६६८ च्या आपल्या ग्रंथात नखाच्या वापराचा निषेध करून कात्रीचा पुरस्कार केला. नखाने जखम चिघळते हा त्याचा आक्षेप रास्त होता. पण कात्री योग्य की नख योग्य या वादात, मुळात छेद हवा की नको हा प्रश्न बाजूला पडला. दोन्ही पक्षांना छेद मान्यच होता.

याच काळातील सर्वांत तपशीलवार नोंद एका राजपुत्राची आहे. पुढे तेरावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसलेला हा युवराज २७ सप्टेंबर १६०१ रोजी जन्मला. त्याचा वैद्य झाँ एरोआर याने त्याच्या जन्मापासून स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १६२८ पर्यंत, त्याच्या आहार-विहाराची जवळजवळ रोजची नोंद ठेवली. बालपणाच्या इतिहासाचे अभ्यासक या रोजनिशीकडे पुन्हा पुन्हा वळतात. जन्मानंतर लवकरच युवराजाला दूध ओढणे जड जाऊ लागले. तोंड तपासता जिभेखालचा बंध हे कारण दिसले आणि राजाचा शल्यवैद्य जाक गियमो याने तो तीन ठिकाणी छेदला. गियमोने पुढे १६०९ मध्ये प्रसूतीविषयी ग्रंथ लिहिला.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे, छेदाचे कारण वाणी नसून स्तनपान होते. ग्रंथांतून वाणीची चर्चा चालू असताना पाळण्याशी उभ्या असलेल्या वैद्याला दुधाची चिंता होती. ग्रंथ आणि पाळणा यांतील हे अंतर लिखित इतिहासावरून सहसा कळत नाही. दुसरी गोष्ट अशी की, तेरावा लुई आयुष्यभर अडखळत बोलत राहिला. त्याची जीभ जन्मतःच सोडवली गेली होती. त्याच्या तोतरेपणाचे मूळ तेथे नव्हते. बंध छेदला की वाणी सुटते, या समजुतीला याहून सार्वजनिक उत्तर मिळणे कठीण होते. पण ते उत्तर म्हणून कोणी वाचले नाही.

अठराव्या शतकात धोक्याची पहिली ठळक सूचना झाँ-लुई पती या पॅरिसच्या शल्यवैद्याकडून आली. जिव्हाबंध छेदल्यानंतर जीभ मागे वळून घशात गेल्याने बालके गुदमरल्याचे त्याने १७४२ मध्ये नोंदवले. कित्येकांना ही भीती अतिरंजित वाटली. आजच्या ज्ञानाच्या आधारे तिच्यात काही तथ्य होते असे म्हणता येते : ज्यांचा खालचा जबडा जन्मतः लहान असतो, त्या बालकांची जीभ आपोआपच मागे पडते. पिएर रोबँ या फ्रेंच दंतवैद्याने १९२३ मध्ये अशा बालकांकडे लक्ष वेधले. अशा बालकात जिव्हाबंध छेदण्याबाबत आजही सावधगिरीचा इशारा दिला जातो. दुसरा धोका रक्तस्रावाचा. सेल्सस आणि अल्-जहरावी यांना तो माहीत होता. नवजात बालकाचे रक्त गोठण्यास जीवनसत्त्व 'के' आवश्यक असते हे मात्र विसाव्या शतकातच कळले.

शल्यवैद्यांच्या पेटीतील एका साध्या उपकरणाचा उल्लेख येथे करावा लागेल. खाच असलेल्या शल्यसळईचे एक टोक पसरट, फुलपाखरासारखे असते व त्यात एक फट असते. या फटीत जिव्हाबंध अडकवून जीभ वर उचलायची आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवायची, अशी तिची योजना. ही सळई आजही विकत मिळते. या शस्त्रक्रियेची मागणी मधल्या काळात जवळजवळ थांबली, तरी सळईचे ते टोक तसेच राहिले.

१८४१ : जिभेवरील शस्त्रांचे वर्ष

वाणीसाठी जिभेवर शस्त्र चालवण्याची कल्पना आपल्या टोकाला पोहोचली ती १८४१ साली. बर्लिनचा शल्यवैद्य योहान फ्रीडरिश डिफेनबाख याने १८३९ मध्ये डोळ्याचा स्नायू छेदून तिरळेपणा दुरुस्त केला होता. स्नायूचे आकुंचन हे तिरळेपणाचे कारण असेल, तर तोतरेपणाचेही तेच असावे, असे अनुमान त्याने बांधले. त्यानुसार जिभेच्या मुळाशी आडवा छेद देऊन, प्रसंगी पाचरीसारखा तुकडा काढून, स्नायूंची चेतना खंडित करण्याची शस्त्रक्रिया त्याने सुरू केली आणि त्याच वर्षी तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. ईथरची भूल १८४६ मध्ये आली. म्हणजे हे सर्व रुग्ण शुद्धीवर असताना चालले होते.

अल्पावधीत ही लाट युरोपभर पसरली. फ्रान्समध्ये वेल्पो व आम्युसा यांच्यासारख्या नामांकितांनी जिभेच्या निरनिराळ्या स्नायूंवर शस्त्र चालवले. लंडनमध्ये जेम्स यर्स्ली याने तोतरेपणासाठी टॉन्सिल व पडजीभ कापली. शस्त्रक्रियेनंतर लगेच बोलणे सुधारल्यासारखे वाटे, आणि काही आठवड्यांत ते पूर्ववत होई. काही रुग्ण दगावले. पुढच्या एक-दोन वर्षांतच ही पद्धत मोडीत निघाली.

डिफेनबाख हा भोंदू नव्हता. तो त्या काळच्या सर्वश्रेष्ठ शल्यवैद्यांपैकी एक होता, आणि त्याच्या तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचे वारस आजही नेत्रवैद्यकात आहेत. चूक हाताची नव्हती, अनुमानाची होती. शस्त्रक्रियेनंतर तात्पुरता फरक पडतो, रुग्ण व वैद्य दोघांनाही तो हवा असतो, आणि तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेला रुग्ण समोर नसतो : ही तीन गोष्टींची जुळणी १८४१ मध्ये स्पष्ट दिसते. पुढील काळातही ती पुन्हा दिसणार होती.

याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन साधूने ओन्याच्या मठात जन्मतः बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवले होते. त्यांच्या जिभेवर कोणतेही शस्त्र चालवले गेले नव्हते. मुक्या मुलाची जीभ मोकळीच असते, अडथळा कानात असतो, हा बोध तेथे प्रत्यक्ष कृतीतून सिद्ध झाला होता. वाचादोषांच्या अभ्यासाला शल्यकर्माहून स्वतंत्र शास्त्राचे रूप येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. भारतात मैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांत बोलत नसलेल्या मुलाची तपासणी प्रथम कानापासून सुरू होते.

विस्मरण आणि पुनरागमन

विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य बालवैद्यकात बद्ध जिभेविषयी जवळजवळ एकमत झाले होते : ती फारशी महत्त्वाची नाही. वाणीवर तिचा परिणाम क्वचितच होतो, वयाबरोबर पडदा ताणतो व मागे सरतो, म्हणून थांबावे, असा सल्ला दिला जाई. या संयमामागे केवळ शास्त्रीय विवेक होता असे मात्र नाही. बाटलीने दूध पाजण्याची चाल रुळली होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत जेमतेम चतुर्थांश नवजात बालकांनाच स्तनपान सुरू केले जात होते. बाटलीतून दूध ओढण्यासाठी जिभेला तेवढे श्रम करावे लागत नाहीत. शिवाय बाटलीला वेदनाही होत नाहीत. अडचण दिसण्याची जागाच उरली नाही, आणि न दिसणारी अडचण नाही असे मानले गेले.

त्यानंतर स्तनपानाचे पुनरुज्जीवन झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी संहिता स्वीकारली. १९९० चा इनोचेंती जाहीरनामा आणि १९९१ चा बालस्नेही रुग्णालय उपक्रम यांनी स्तनपानाला आरोग्यधोरणाचा पाया केले. भारतातही १९९२ मध्ये शिशुदुग्ध पर्याय, दुग्धबाटल्या व शिशुआहार यांविषयीचा कायदा झाला. स्तनपान करू इच्छिणाऱ्या मातांची संख्या वाढली, तशी स्तनाग्रांना चिरा पडणे, बालकाने स्तन नीट न पकडणे, तासन्तास पिऊनही वजन न वाढणे या तक्रारी वाढल्या. आपल्या आई-आजीकडून स्तनपानाचे कसब शिकण्याची साखळी पाश्चात्त्य समाजात एक-दोन पिढ्या तुटली होती. तिची जागा घ्यायला स्तनपान सल्लागार हा नवा व्यवसाय आला, आणि त्याच्या नजरेला जिभेखालचा पडदा पुन्हा दिसू लागला. १९९३ मध्ये अॅलिसन हेझलबेकर यांनी जिभेचे रूप व कार्य दोन्हींना गुण देणारी मापनपद्धती मांडली. केवळ पडदा पाहून नव्हे, तर जीभ काय करू शकते हे पाहून निर्णय घ्यावा, हा तिचा गाभा होता.

पुराव्याचा शोध येथून खऱ्या अर्थाने सुरू झाला. २००५ मध्ये साउदॅम्प्टन येथील हॉगन व सहकाऱ्यांनी ५७ बालकांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. छेद दिलेल्या २८ पैकी २७ बालकांचे स्तनपान सुधारले. ४८ तास केवळ स्तनपानाचे साहाय्य दिलेल्या २९ पैकी एकाचेच. हे आकडे डोळे दिपवणारे होते. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ही शस्त्रक्रिया पुरेशी सुरक्षित असून मर्यादित पुराव्यानुसार उपयुक्त ठरू शकते, असे मार्गदर्शन दिले. परंतु आपल्या बालकाला छेद दिला आहे की नाही हे या चाचणीतील मातांना माहीत होते. २०१२ मध्ये बेरी व सहकाऱ्यांनी तो दोष टाळला. बालकाला दुसऱ्या खोलीत नेले जाई आणि माता व निरीक्षक यांना काय घडले ते सांगितले जात नसे. छेद झालेल्या बालकांच्या मातांपैकी ७८ टक्के मातांनी लगेच फरक पडल्याचे सांगितले. ज्यांच्या बालकाला काहीच केले नव्हते, त्यांच्यापैकीही ४७ टक्के मातांनी तेच सांगितले.

या दुसऱ्या आकड्याचे महत्त्व १८४१ च्या संदर्भात वाचले तर अधिक जाणवते. माता खोटे बोलत नव्हत्या. थोडा वेळ गेला होता, कोणीतरी त्यांचे गाऱ्हाणे गंभीरपणे घेतले होते, आणि सुधारणेची अपेक्षा निर्माण झाली होती. त्याच वेळी ७८ आणि ४७ यांत फरक उरतोच, हेही नाकारता येत नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या व ३०२ बालकांचा एकत्र विचार झाला. छेदामुळे मातेची स्तनाग्रवेदना अल्पकाळात कमी होते. बालकाच्या स्तनपानावर सुसंगत परिणाम दिसत नाही. गंभीर गुंतागुंत आढळली नाही. परंतु चाचण्या लहान व सदोष आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे सर्वांत भक्कम लाभ मातेला होता. जिच्या वेदनेचा उल्लेख दोन हजार वर्षांच्या ग्रंथांत जवळजवळ नाही, तिला.

वाणीच्या बाबतीत पुरावा याहून तोकडा आहे. लहान वयात छेद दिल्याने पुढे बोलणे सुधारते, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असे अमेरिकी शासनाच्या आरोग्यसंशोधन यंत्रणेच्या २०१५ च्या आढाव्याने नोंदवले. हे संशोधन प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे आहे. मराठीत ट, ड, ण, ळ यांसाठी जिभेचे टोक वर वळवून टाळूकडे न्यावे लागते. त्यामुळे इंग्रजीवरून काढलेले निष्कर्ष मराठी मुलांना जसेच्या तसे लावता येतील असे गृहीत धरू नये, एवढे मात्र भाषाशास्त्राच्या अंगाने म्हणता येईल.

व्याख्येचा विस्तार आणि ओष्ठबंध

पुरावा असा मर्यादित असताना शस्त्रक्रियांची संख्या मात्र झपाट्याने वाढली. अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींनुसार बद्ध जिभेचे निदान १९९७ मध्ये ३,९३४ बालकांत झाले होते. २०१२ मध्ये ही संख्या ३२,८३७ झाली. छेदांची संख्या १,२७९ वरून १२,४०६ वर गेली. ऑस्ट्रेलियातही २००६ ते २०१६ या दशकात अशा छेदांत ४२० टक्के वाढ दिसली. एका दशकात बालकांच्या जिभांची रचना बदलत नाही. बदलली ती व्याख्या.

२००४ मध्ये बद्ध जिभेचे चार प्रकार सांगणारे वर्गीकरण मांडले गेले. त्यातील मागच्या प्रकारात, विशेषतः चौथ्यात, पडदा डोळ्यांना दिसतच नाही. बोटाने चाचपून तो ओळखायचा. यामुळे सामान्य दिसणारी जीभही बद्ध ठरू शकते. ज्यांची खरी अडचण पूर्वी हसण्यावारी नेली जात होती, अशा काही मातांना यातून न्याय मिळाला असेल. पण निदान नाकारण्याचा कोणताही निकष मात्र उरला नाही. बद्ध जिभेचे प्रमाण सुमारे ४ ते ११ टक्के असे सैलपणे सांगितले जाते, ते यामुळेच. २०१९ मध्ये ऑकलंडच्या निकी मिल्स व सहकाऱ्यांनी शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले की जिव्हाबंध ही मध्यभागी ताणलेली स्वतंत्र दोरी नाहीच. तोंडाच्या तळाशी पसरलेल्या आवरणाची जीभ उचलताना पडणारी ती घडी आहे, आणि तिची ठेवण प्रत्येकात निराळी असते. सेल्ससपासून ज्या 'बंधा'ची चर्चा चालली, त्याची शरीररचना नीट तपासण्यास एकविसावे शतक यावे लागले, ही गोष्ट आश्चर्याची आहे.

ओष्ठबंधाची कथा त्रोटक आहे, कारण तिला प्राचीन परंपरा नाही. वरच्या पुढच्या दातांमधील फटीच्या संदर्भात दंतवैद्य या पडद्याचा विचार करीत आले होते. नवजात बालकाच्या स्तनपानाशी त्याचा संबंध जोडला गेला तो एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० नवजात बालके तपासण्यात आली. ओष्ठबंध प्रत्येकातच होता, बहुतेकांत तो हिरडीच्या कडेजवळच जोडलेला होता, आणि प्रचलित वर्गीकरण वापरताना तपासणाऱ्यांचे आपापसांत जुळले नाही. जी रचना सर्वांनाच असते तिला विकृती म्हणण्यास वेगळा पुरावा लागेल, आणि तो उपलब्ध नाही. जिभेच्या बाबतीत निर्णय कठीण आहे. ओठाच्या बाबतीत तो तेवढा कठीण नाही. स्तनपानासाठी ओष्ठबंध लेसरने छेदण्याची शिफारस मुख्यतः बाजाराने वाढवली आहे.

निर्णयाची आजची रीत

२०१९ मध्ये बॉस्टनमधील एका अभ्यासाने निर्णयप्रक्रियेवरच प्रकाश टाकला. छेदासाठी पाठवलेल्या ११५ बालकांचे, शस्त्रक्रियेआधी, स्तनपानाच्या सर्व अंगांनी अनेक तज्ज्ञांकडून मूल्यमापन झाले. त्यानंतर ६२.६ टक्के बालकांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. पकड, बालकाची स्थिती, दुधाचा ओघ यांत दुरुस्ती करणे पुरेसे ठरले. उरलेल्या बालकांत मात्र छेद झाला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये काही समाजगटांत या अवस्थेचे अतिनिदान होत असल्याचे सहमतीने नमूद केले. गालाच्या पडद्यांना छेद देऊ नये, असेही सांगितले. अमेरिकी बालरोग अकादमीने २०२४ च्या अहवालात जिभेची हालचाल मर्यादित असणे आणि स्तनपानात अडचण असणे या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तेव्हाच, व इतर कारणे तपासून झाल्यावर, छेदाचा विचार करावा अशी भूमिका घेतली. लेसर कात्रीहून सरस असल्याचा पुरावा नसल्याचेही तिने नोंदवले.

सध्याच्या विचारानुसार निर्णयापूर्वी विचारले जाणारे प्रश्न असे : मातेला दूध पाजताना वेदना होते का, बालकाचे वजन वाढते का, एखाद्या जाणकाराने प्रत्यक्ष दूध पाजताना पाहिले आहे का, जीवनसत्त्व 'के' दिले गेले आहे का, कुटुंबात रक्त न गोठण्याचा विकार आहे का, जबडा लहान तर नाही. या यादीत पडद्याच्या लांबीला पूर्वीसारखे पहिले स्थान नाही. दुसऱ्या बाजूने, 'थांबून पाहू' या सल्ल्याचीही किंमत असते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दूध पुरेसे ओढले गेले नाही तर ते आटत जाते, आणि वेदनेने त्रासलेली माता बाटलीकडे वळते. छेदाचा निर्णय महिनाभर लांबवला, तर ज्यासाठी तो घ्यायचा ते स्तनपानच तोवर संपलेले असते.

हा पेच सोडवण्यासाठी ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी योजली गेली. एका गटाला छेद व स्तनपानाचे साहाय्य, दुसऱ्याला केवळ साहाय्य, आणि तीन महिन्यांनंतर कोणत्या गटात मातेचे दूध चालू राहते ते पाहायचे, अशी तिची रचना होती. ८७० बालके हवी होती. १६९ मिळाल्यावर चाचणी थांबवावी लागली. तिचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील बहुसंख्य बालके तीन महिन्यांनंतरही मातेचे दूध घेत होती व त्यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. मात्र ज्या गटात छेद द्यायचा नव्हता, त्यातील बहुतेक बालकांच्या पालकांनी निकालाची वाट न पाहता मधल्या काळात छेद करवून घेतला होता.